वीस पावलांवरचा दिवा

मैत्री हे अंटार्क्टिकावरचं भारताचं संशोधनाचं ठाणं, १९८९ पासूनचं. तिथून समुद्राकडची बर्फाची कडा साधारण १०० किलोमीटर. जहाजातून उतरलेलं इंधन आणि शिधा आम्ही पिस्टनबुलीला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीला, स्लेज जोडून, ताफ्याने आणायचो.

त्या खेपेला परतताना वादळाने गाठलं. पुढच्या गाडीचा दिवा आधी पुसट झाला, मग गेलाच. आभाळ कुठे संपतं, जमीन कुठे सुरू होते, कळेना. "थांब, हलू नकोस," वायरलेसवर एवढंच ऐकू आलं. इंजिन चालूच ठेवलं. त्या थंडीत बंद पडलं तर पुन्हा सुरू करणं म्हणजे दिव्य! श्वासाची वाफ काचेवर आतून गोठायची, ती मी रात्रभर नखाने खरवडत बसलो. वारा पडला तेव्हा पाहिलं, पुढची गाडी जेमतेम वीस पावलांवर उभी होती.