आमची वाटचाल : दोन क्लास आणि एक दुकान

शिडाच्या शर्यतीच्या होड्यांची दुरुस्ती आणि सुटे भाग हे आमचं काम. सुरुवातीला समोर येईल त्या क्लासची (म्हणजे एकाच नियमावलीत बसणाऱ्या होड्यांच्या प्रकाराची) होडी आम्ही हाती घेत असू. आता लेझर आणि ऑप्टिमिस्ट या दोनच क्लासवर भर आहे, कारण एखादा क्लास टिकतो कशामुळे हे सुट्या भागांच्या मागणीवरून स्पष्ट कळतं.

नवख्यांना वाटतं, वेगवान होडी जास्त खपते. मॉथ या क्लासची होडी पाण्यावर उचलली जाऊन उडते, पण तिच्या नियमांत रचनेला मोकळीक आहे. नवी रचना आली की जुनी होडी मागे पडते आणि तिला गिऱ्हाईक मिळत नाही. लेझरचं उलट : नियम कडक, रचना ठरलेली. ब्रूस कर्बी यांनी 1970 च्या सुमारास आखलेल्या या होडीचं (2019 पासून क्लासचं नाव आयएलसीए) हल (होडीचं मुख्य अंग) 59 किलोचं, शीड एक, माणूस एक. खलाशी हलका असेल तर डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड तेवढं बदलायचं : 7.06 चौरस मीटरऐवजी 5.76 किंवा 4.7. हल तेच राहतं. क्लबला एका होडीत तीन वजनगट सांभाळता येतात. 470 या दोघांच्या होडीला जोडीदार लागतो. तो सुटला की होडी किनाऱ्यावर पडून राहते.

ऑप्टिमिस्टची गोष्ट आणखी सोपी. 1947 मध्ये क्लार्क मिल्स यांनी ती प्लायवूडच्या दोन फळ्यांत बसेल अशी आखली. लांबी जेमतेम 2.3 मीटर. पंधरा वर्षांपर्यंतचीच मुलं तिच्यात शर्यत खेळतात, म्हणून दरवर्षी जुन्या होड्या विक्रीला येतात आणि लगेच उचलल्या जातात.

कडक नियमांची किंमतही मोजावी लागते. मान्यताप्राप्त शीड महाग पडतं. नकलेचं शीड सरावाला चालतं, शर्यतीला नाही. हे आम्ही विकण्याआधीच सांगतो.

लेझरचं नेहमीचं दुखणं म्हणजे डोलकाठी जिच्यात उभी राहते ती नळी. तळाशी वाळू साचते, काठी फिरताना ती कानशीसारखी घासते आणि तळ झिजून पाणी हलमध्ये उतरतं. जुनी होडी घेताना नळीत पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीची खूण करा, तासाभराने बघा. पाणी उतरलं असेल तर डेकला (होडीच्या वरच्या पृष्ठभागाला) तपासणीचं झाकण बसवून, आतला भाग पूर्ण वाळवून, इपॉक्सीत काचकापडाचे थर द्यावे लागतात. ओलसर जागेवर थर धरत नाही, आणि घाई केलेलं काम हमखास परत येतं. वरची अॅल्युमिनियमची काठी रिव्हेटच्या भोकापाशी मोडते. खारं पाणी तिथे शिरून धातू खातं. म्हणून दर वेळी होडी किनाऱ्यावर आली की गोड्या पाण्याने आधी नळी धुवा, मग काठीचे सांधे.