दुपारी तीनच्या आत

२३ मार्च २०२०, सोमवार. आदल्या संध्याकाळी जनता कर्फ्यूच्या थाळ्या वाजवून झाल्या होत्या आणि लोकल बंद झाल्या होत्या. मी डोंबिवलीत घरीच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. दहा वाजायच्या आत शेअर बाजार १० टक्के कोसळला, सर्किट लागलं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेमुळे व्यवहार ४५ मिनिटं बंद. बंद बाजार पडत्या बाजारापेक्षा वाईट. पडताना निदान आकडा तरी दिसतो.

तेवढ्यात सरांचा फोन. शाळेत मला गणित शिकवलेले, आता निवृत्त. त्यांचे म्युच्युअल फंड माझ्याच मार्फत घेतलेले.

"सगळं काढून टाक. आजच."

त्यांचे इक्विटी फंड, म्हणजे शेअर्समध्ये पैसे गुंतवणारे, जानेवारीत २२ लाखांचे होते. शुक्रवारच्या भावाने साडेपंधरा, आणि त्या दिवशीची घसरण धरली तर चौदाच्याही खाली. आजची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, हवी तर अर्ज तीनच्या आत जायला हवा होता.

मी त्यांचा जोखमीचा फॉर्म काढला. 'बाजार २० टक्के पडला तर काय कराल?' यापुढे 'आणखी गुंतवेन'वर ठसठशीत टिक.

"सर, तुम्हीच टिक केली होती."

"अरे, तेव्हा मी चहा पीत होतो!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फंडाच्या माहितीपत्रकावर, फॅक्टशीटवर, प्रमाण विचलन असतं, म्हणजे परतावा किती वरखाली होतो याचं माप, पण ते बहुधा मागच्या तीन वर्षांच्या परताव्यावरून काढतात. म्हणजे पडझड होऊन गेली की ते वाढतं. आधी ते शहाण्यासारखं गप्प. आणखी एक गोष्ट मनात टोचत होती. मी फंडांचा वितरक. सरांचे पैसे फंडात राहिले तर माझं कमिशन चालू, निघाले तर बंद. तेव्हा 'थांबा' म्हणायचा मला कितपत अधिकार? तेही मी सरांना सांगून टाकलं.

मग म्हटलं, वही घ्या. खर्च महिना ३८,०००. पेन्शन २७,०००. तूट ११,०००, वर्षाला १ लाख ३२ हजार. बँकेत मुदत ठेव ८ लाख. सरांनी भागाकार माझ्याआधी केला.

"सहा वर्षं."

"महागाई धरली तर पाच म्हणा. तोवर या फंडांना हात लावायची गरज नाही."

"आणि हिच्या गुडघ्यांचं?"

"कसलं?"

"दोन्ही गुडघे बदलायचेत. मे महिन्यात. ३ लाख. ते फंडातनंच काढणार होतो."

मी कपाळाला हात लावला. दोन महिन्यांनी लागणारा पैसा इक्विटीत, आणि माझ्या दहा प्रश्नांच्या फॉर्मात 'पैसे कधी लागणार?' याचं उत्तर 'दीर्घकालीन' एवढंच. मीही कधी खोदून विचारलं नव्हतं. सरांच्या मनाची तयारी किती, हे मी मोजत बसलो होतो. खरा धोका त्या गुडघ्यांच्या तारखेत होता.

दोन चाळीसला ३ लाखांचा अर्ज टाकला. बाकी तसंच ठेवलं. सेन्सेक्स त्या दिवशी ३,९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर थांबला. वर्षातला सगळ्यात खालचा बंद भाव तोच ठरला, आणि सरांचे ३ लाख नेमके त्याच भावाने निघाले. वर लॉकडाऊनमुळे शस्त्रक्रियाही पुढे गेली, डिसेंबरात झाली. सर याबद्दल मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. तरीही तो अर्ज मी आजही टाकेन. तळ तोच आहे हे त्या दुपारी कुणाला ठाऊक होतं? २००८ ची पडझड मी पाहिली होती, २१,००० वरून ८,००० च्या खाली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सेन्सेक्स पहिल्यांदा ५०,००० च्या वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन.

"काय रे, ठेव मोडून फंडात टाकू या का?"

"सर, वही घ्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. तूट आता १२,५०० झाली होती.