तुम्ही विचारलंत म्हणून: सोपं कोणासाठी?

इथे शिकागोत, मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कोणीतरी विचारतंच, "तुम्ही मराठी, आणि मुलांना कृष्णवर्णीयांच्या कविता शिकवता? सोप्या करून सांगत असाल ना?" आपला काय संबंध, हा त्यातला न बोललेला भाग. त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे: १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, ते नाव कुठून आलं? इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरूनच. रांग पुढे सरकते. "सोप्या करून" मात्र घरापर्यंत माझ्यासोबत येतं.

कारण मी खरंच सोप्या करायचे.

शिकागोच्या दक्षिण भागातली शाळा, सहावीचा वर्ग. लँगस्टन ह्यूजची १९२२ची 'मदर टू सन' घेतली होती. आई मुलाला सांगते, माझं आयुष्य म्हणजे काही स्फटिकाचा जिना नव्हता. खिळे होते, कुसळं होती, उखडलेल्या फळ्या होत्या. ती 'आय हॅव बीन' म्हणत नाही, 'आइझ बीन' म्हणते. मी कागदाचे दोन रकाने केले. डावीकडे कविता, उजवीकडे तीच शुद्ध इंग्रजीत. रात्री दीड वाजेपर्यंत बसून केलं होतं, हेही सांगते.

एका मुलीला डावा रकाना वाचायला सांगितलं. तिनं आवाज खाली आणला, एक हात कमरेवर ठेवला आणि वाचायला लागली. गालिचा नसलेल्या जमिनीनंतर 'बेअर' एवढा एकच शब्द ओळीवर एकटा आहे. तिथे ती थांबली. कसं थांबायचं ते मी शिकवलं नव्हतं. मागच्या बाकावरची कुजबुजही बंद झाली. मग तिनं उजवीकडे पाहिलं.

"मिस, हे बरोबर आणि ते चूक आहे का? माझी आजी असंच बोलते."

"नाही गं, समजायला सोपं जावं म्हणून."

"कोणाला?"

वर्गात तो कागद फक्त मलाच लागत होता. मी पुढची कविता काढा म्हणाले. तिची माफी मागितली नाही. जूनमध्ये ती शाळा सोडून गेली.

लाज जास्त वाटली, कारण हे माझ्यासोबत झालेलं होतं. पाचवीत बीडहून पुण्याला आले, निबंधात 'आजी आली व्हती' लिहिलं. बाईंनी 'व्हती'भोवती लाल गोल काढला आणि वर्गाला वाचून दाखवला. पण खरं सांगू? त्या लाल गोलानंच पुढे मला नोकरी दिली, व्हिसाही दिला. बाईंना शिव्या घालताना माझी जीभ अडखळते.

आणि बोली म्हणजेच खरी कविता, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीचं आयुष्य त्यातच कुढण्यात गेलं: लोकांना त्याच्या बोलीतल्याच कविता हव्या होत्या, बाकीच्या कोणी विचारेना.

आता मी रकाने करत नाही. आधी मोठ्यानं वाचायला लावते. ग्वेन्डोलिन ब्रूक्सची 'वी रिअल कूल' घेते. ब्रूक्स याच भागात राहिली, १९५०चं पुलित्झर तिचं. त्या कवितेत 'वी', म्हणजे 'आम्ही', हा शब्द ओळीच्या टोकाला लटकतो आणि ब्रूक्सला तो हळू आवाजात म्हटलेला हवा असायचा. मुलं तो इतका हळू म्हणतात की पुढच्या ओळीतल्या फुशारकीची त्यांना स्वतःलाच भीती वाटते. अर्थ मी नंतर विचारते, कधी विचारतही नाही. शिकवणं झालं की नाही, कोण जाणे.

परवा सरावाच्या पेपरात एका मुलानं लिहिलं, 'माय मॉम बी टायर्ड'. या मुलांच्या बोलीत त्या 'बी'चा अर्थ आई नेहमीच दमलेली असते. तिथे 'इज' लिहिलं, तर ती फक्त आजच दमलेली वाटते. चाचणी दोन आठवड्यांवर होती. मी 'बी'खाली पेन्सिलीनं रेघ मारली.