खेळाडूच्या बायकोची फाइल

माझ्या नवऱ्याला फ्रान्समधल्या रग्बी क्लबनं बोलावलं ते 'मेडिकल जोकर' म्हणून. हसू नका, तिकडे सगळे तसंच म्हणतात. संघातला एखादा खेळाडू दुखापतीमुळे लांब मुदतीसाठी बाहेर गेला, की लीगच्या मंजुरीनं हंगामाच्या मध्येच त्याच्या जागी दुसरा घेता येतो. या क्लबच्या टाइटहेड प्रॉपचा, म्हणजे स्क्रमच्या, दोन्ही संघ खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात त्या रेटारेटीच्या, पहिल्या रांगेत उजव्या बाजूला सगळा भार पेलणाऱ्या गड्याचा, गुडघा गेला होता. माझा नवरा त्याच जागेवर खेळतो. करार हंगाम संपेपर्यंतचा, म्हणजे वर्षाच्याही आतला.

गावाचं नाव लिहीत नाही. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या अशा गावांत मोठा क्लब एकच असतो, त्यामुळे गाव सांगितलं की सगळंच सांगितलं. क्लब प्रो डी २ मधला, म्हणजे टॉप १४ या फ्रान्सच्या सगळ्यात वरच्या लीगच्या खालच्या पायरीवरचा. टॉप १४ मध्ये चौदा संघ, प्रो डी २ मध्ये सोळा. खालची पायरी म्हटलं तरी सामन्याच्या संध्याकाळी अर्धं गाव मैदानावर असतं आणि उरलेलं अर्धं टीव्हीसमोर.

मी सांगलीची. एमएस करायला न्यू जर्सीला गेले आणि तिथंच रमले. तो ओहायोचा, शाळेत कुस्ती, कॉलेजात आधी अमेरिकन फुटबॉल आणि मग रग्बी. आता दोघंही अमेरिकन नागरिक. अमेरिकेत मेजर लीग रग्बीचा पहिला हंगाम झाला २०१८ साली. त्या लीगमुळे तो टेक्ससात राहायचा आणि मी नोकरीमुळे न्यू जर्सीत. फ्रान्सचं कळल्यावर मला पहिला आनंद झाला तो एका घरात राहायला मिळणार याचा.

मग व्हिसा आला. त्याचं काम क्लबनं केलं: कामाची परवानगी काढली, कागद पाठवले, तो कॉन्सुलेटात जाऊन पासपोर्टवर शिक्का घेऊन आला. माझं तसं नव्हतं. हंगामी करारावर येणाऱ्या कामगाराच्या बायकोसाठी आपोआप मिळणारा परवाना नसतो. मला अर्ज करायचा होता 'व्हिजितर', म्हणजे नुसती पाहुणी म्हणून, आणि त्यासाठी फ्रान्समध्ये कोणताही कामधंदा करणार नाही असं सही करून लिहून द्यायचं होतं. अमेरिकेतली नोकरी घरून चालू ठेवता येईल का, हा प्रश्न मी ऑफिसात विचारला. वकिलांनी कर आणि परवाना या दोन्ही कारणांनी मान हलवली. बिनपगारी रजा घेतली. आठवड्याच्या आठवड्याला आकडेवारीचे अहवाल लिहिणाऱ्या बाईनं 'मी काही करणार नाही' असं सरकारला लिहून द्यायचं, हे मला बरेच दिवस टोचत राहिलं. नवऱ्याला त्यातलं काही टोचलं नाही. त्याची चूकही नव्हती म्हणा. क्लब खेळाडूला उचलून नेतो, बरोबरच्या माणसानं आपल्या पायांनी यायचं असतं.

पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत हा व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, कर भरून. ते काम मी पहिल्याच आठवड्यात उरकलं, कारण त्याला फक्त इंटरनेट आणि कार्ड लागत होतं. बाकी प्रत्येक कामाला घराच्या पत्त्याचा पुरावा.

घरमालक निवृत्त मास्तर होते. आम्ही अमेरिकन आहोत हे कळताच त्यांनी पहिलं वाक्य टाकलं ते १९२४ चं. त्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, कोलोंबच्या मैदानावर, अमेरिकेनं रग्बीच्या अंतिम सामन्यात फ्रान्सला १७-३ असं हरवलं होतं. संघात बरेचसे कॅलिफोर्नियातले खेळाडू. प्रेक्षक इतके चिडले की राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो चालू होती. त्यानंतर रग्बी ऑलिंपिकमधून गेलं ते थेट २०१६ ला परत आलं, तेही सात-सात जणांचं. 'म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीतले ऑलिंपिक विजेते अजून तुम्हीच,' असं म्हणून मास्तरांनी आमच्याकडे असं पाहिलं, की ती जखम काल झाली असावी. मग त्यांना टाकुझ्वा एन्ग्वेन्या आठवला. झिम्बाब्वेत जन्मलेला, अमेरिकेकडून खेळणारा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा गडी. २००७ च्या विश्वचषकात माँपेलिएला त्यानं दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाला निव्वळ वेगावर मागे टाकून ट्राय केला होता, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला होता, आणि पुढे कितीतरी वर्षं बियारित्झकडून खेळला. त्या एका ट्रायच्या पुण्याईवर मास्तरांनी हमीदाराची अट सोडून दिली, असं मला अजूनही वाटतं.

बँकेचं प्रकरण मात्र कुणाच्या पुण्याईनं सुटणारं नव्हतं. घरभाडं, वीज, फोन, सगळ्याला फ्रेंच खात्याचा क्रमांक हवा. खात्याला पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्याचा पुरावा म्हणजे विजेचं बिल, आणि विजेचं बिल माझ्या नावावर यायला खातं हवं. हे चक्र फ्रान्समध्ये येणाऱ्या प्रत्येकाला भेटतं. अमेरिकन माणसाला त्यावर आणखी एक गाठ बसते. अमेरिकेचा २०१० चा एक कायदा आहे, फॅटका नावाचा. त्यामुळे परदेशी बँकांना त्यांच्याकडच्या अमेरिकन खातेदारांची माहिती द्यावी लागते. छोट्या शाखांना ती कटकट नको असते. फॉर्मवर 'तुम्ही अमेरिकन आहात का' या चौकोनात खूण केली, की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. नवऱ्याचं खातं क्लबच्या ओळखीनं झालं. माझं, म्हणजे पगार नसलेल्या, काम न करण्याची हमी दिलेल्या अमेरिकन बाईचं, कुणाला नको होतं.

यावरचा उपाय सरकारी आहे आणि फार कमी लोकांना माहीत असतो. फ्रान्समध्ये राहणाऱ्या आणि खातं नसलेल्या माणसाला खात्याचा हक्क आहे. बँकेकडून नकाराचं पत्र मागून घ्यायचं, हे पत्र त्यांनी द्यायचंच असतं, आणि ते घेऊन बाँक द फ्रान्सकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे अर्ज करायचा. कागद पूर्ण असले तर एका कामाच्या दिवसात ती तुम्हाला एक बँक नेमून देते आणि त्या बँकेला खातं उघडावंच लागतं. चेकबुक वगैरे चैन नाही, पण क्रमांक मिळतो. पत्त्यासाठी मास्तरांकडून 'ही बाई माझ्या घरात राहते' असं सहीचं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत घेतली, ती चालते. नकाराचं पत्र मागताना मला फ्रेंच धड येत नव्हतं, तरी तोवर एक गोष्ट कळली होती: आत शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचं, उत्तराची वाट बघायची, मग कामाचं बोलायचं. थेट प्रश्नानं सुरुवात केली की काम तिथंच बिघडतं.

आता जन्मदाखला. तीन महिने राहिल्यावर व्हिजितरलाही सरकारी आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ पासून प्रत्येक प्रौढ माणसाची नोंद स्वतंत्र होते, नवऱ्याच्या नावाखाली बायको असं राहिलेलं नाही. ही व्यवस्था मला मनापासून आवडली, पण तिला जन्मदाखला लागतो, आईवडिलांच्या नावांसकट, आणि शपथ घेतलेल्या भाषांतरकारानं फ्रेंचमध्ये आणलेला. माझा जन्म सांगली नगरपालिकेच्या काळातला. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली आणि जुन्या नोंदी तिकडे गेल्या. माझ्याकडच्या जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, कारण नोंद बारशाच्या आधीची. ग्रीन कार्डाच्या वेळी तो प्रतिज्ञापत्र जोडून चालून गेला होता. इथं तसं चालणार नाही, हे पहिल्या फोनवरच समजलं.

बाबा कामाला लागले. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती असं ठोस काम फार दिवसांनी आलं होतं. नाव चढवून नवा दाखला घेणं, मग राज्याकडून प्रमाणित करणं, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. प्रत्येक टप्प्यावर ते मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे आणि खाली जावईबापूंची चौकशी. जावयाशी त्यांचं जमलं ते लग्नातच. ओहायोच्या मॅटवर कुस्ती खेळलेला मुलगा त्यांनी दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला खासबाग मैदान दाखवायला नेला होता. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानाच्या मातीला हात लावून जावयानं कपाळाला लावला, तेव्हापासून आईचं काही चालत नाही. स्क्रमचे व्हिडिओ बघून बाबा सांगतात, 'त्याला म्हणावं, मान आत घे.' तो म्हणतो, बाबा बरोबर सांगतात.

दाखला आला, भाषांतर झालं, आणि फ्रेंच कार्यालयानं बाबांचं नाव माझं दुसरं नाव म्हणून नोंदवलं. आपल्याकडे मुलीच्या नावानंतर वडिलांचं नाव येतं हे त्यांना पटवायला आणखी एक पत्र. पण क्रमांक आला. तिथला सामाजिक सुरक्षा क्रमांक वाचता येतो: बाईचा २ नं सुरू होतो, पुरुषाचा १ नं, पुढे जन्माचं वर्ष आणि महिना, परदेशात जन्मलेल्यांना ९९, आणि मग देशाचा आकडा. भारताचा २२३, अमेरिकेचा ४०४. पासपोर्ट दोघांचा सारखा, पण फ्रान्सच्या दफ्तरात मी कायमची २२३.

या सगळ्यात मला हाताला धरून फिरवलं ते त्या जायबंदी प्रॉपच्या बायकोनं. ते फिजीचे. फ्रान्समध्ये फिजीचे खेळाडू खूप, आणि बरोबर त्यांच्या बायका, मुलं, चर्चची गाणी. ही बाई तिथं बरीच वर्षं काढलेली, तिला कोणत्या खिडकीवर कोण बसतं इथपासून माहिती. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, रोटी करतेस ना? फिजीत रोटी आणि डाळ भारतीय वंशाच्या लोकांपुरती राहिलेली नाही, सगळेच खातात. शनिवारी बाजार उरकला की तिच्या स्वयंपाकघरात आम्ही पोळ्या लाटायचो आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझे फॉर्म पसरलेले असायचे. तिचा नवरा शेजारच्या खोलीत गुडघ्यावर बर्फ ठेवून पडलेला.

त्याचा गुडघा लवकर बरा झाला असता तर आमची तिथली गरजच संपली असती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि त्या घरात कुणी ते बोलत नसे. मी रोज त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे आणि उत्तर ऐकताना मनात काय हलतंय हे बघायला घाबरायचे. तो मैदानाच्या कडेला कुबड्या घेऊन उभा राहायचा, माझ्या नवऱ्याला स्क्रमच्या आधी काहीतरी ओरडून सांगायचा. प्रॉप लोकांत हा एक पंथच असतो. समोरच्या संघाचे प्रॉपही सामन्यानंतर बिअर घेऊन एकमेकांना मानेचं दुखणं दाखवत बसतात.

शुक्रवारी रात्रीच्या सामन्यांबद्दल फार लिहीत नाही. बँडवाले, बदकाची सँडविचं, डोक्याला मार लागला की दहा-बारा मिनिटं तपासणीसाठी बाहेर नेतात तेव्हा मान वळवून बसणाऱ्या आम्ही बायका. ते सगळं तुम्ही कल्पनेनं भरू शकता.

करार वाढेल की नाही हे खेळावर अवलंबून असतं, असं मला वाटायचं. ते अर्धंच खरं. फ्रेंच लीगचा नियम आहे की सामन्याच्या तेवीस जणांत सरासरीनं बहुसंख्य खेळाडू फ्रान्सच्याच प्रशिक्षण केंद्रांत तयार झालेले असावेत. राष्ट्रीयत्व बघत नाहीत, लहानपणी खेळ कुठं शिकला ते बघतात. त्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या जागा मोजक्या, आणि प्रत्येक जागेवर क्लबचं गणित. दोन प्रॉप परदेशी ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. हंगाम संपता संपता आम्हाला दोन वर्षांचा करार मिळाला. फिजीचं कुटुंब नासिओनालमध्ये, म्हणजे आणखी एक पायरी खाली, दुसऱ्या गावच्या क्लबकडे गेलं. सामान बांधायला मी गेले. तिनं मला सगळ्या फॉर्मांची वही दिली आणि नवीन येणाऱ्या बायकांना दे म्हणाली. मला त्या दिवशी तिच्याशी नीट बोलता आलं नाही.

लांबच्या करारानं माझी फाइल बदलली. खेळातलं नाव धरून नवऱ्याला 'टॅलेंट' नावाचा (पूर्वी 'पासपोर्ट टॅलेंट' म्हणत) अनेक वर्षांचा परवाना मिळाला. त्याच्या जोडीदाराचा परवाना वेगळा असतो, आणि त्यावर काम करता येतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या चार ते दोन महिने आधी ऑनलाइन टाकायचा. कार्ड येईपर्यंत मिळणारी पोच जपून ठेवायची, ती नसेल तर देशाबाहेर जाऊन परत येणं अवघड. कार्ड हातात आलं त्या आठवड्यात मी तुलूजच्या दोन कंपन्यांना अर्ज पाठवले. एकीनं मुलाखतीला बोलावलं, फ्रेंचमध्ये.

राहिलं ड्रायव्हिंग. अमेरिकेतल्या काही राज्यांचेच परवाने फ्रान्स बदलून देतो, तेही पहिल्या वर्षात अर्ज केला तर. टेक्सस त्या यादीत आहे, न्यू जर्सी नाही. म्हणजे नवऱ्याला परीक्षा न देता फ्रेंच परवाना, आणि क्लबनं दिलेली गाडी गिअरची, जी त्याला चालवता येत नाही. सांगलीत मारुती ८०० वर शिकलेली मी, मला येते, पण माझा जुना परवाना आता चालत नाही. लेखी परीक्षा फ्रेंचमध्ये आहे, पुढच्या महिन्यात. तोवर रोज सकाळी सरावाला जाताना तो गाडी चालवतो आणि मी शेजारी बसून 'क्लच दाब' म्हणते.