मशीनमध्ये किती येते?

लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा कोणीतरी कानाशी लागतोच, "डॉक्टर साहेब, किती दारू घेतली तर पोलिसांच्या फुंकर मारायच्या मशीनमध्ये येत नाही?" नागपुरात बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली, पोलिसांनी रात्री आणलेल्यांचं रक्त काढलं, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला. आजवर हसून टाळला. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाचा लिहूनच टाकतो.

गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची रेषा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात साठेक ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाने ती भराभर रिचवली तर आकडा सव्वाशेच्या घरात जातो आणि तासाला साधारण पंधराने उतरतो. लिंबू चाटा, पान खा, थंड पाणी डोक्यावर ओता, यकृत आपल्याच चालीने चालतं. कराच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या, दिवशी मटणासोबत दोन क्वार्टर लावून रात्री बाराला झोपलेला भाऊ सकाळी आठला ड्युटीवर निघतो, तेव्हाही तो रेषेच्या तिप्पट-चौपट वर असू शकतो. तोंडाला वास नाही, आंघोळ झालेली, कपाळाला गंधसुद्धा. पहिल्यांदा सापडला तर दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यावर हमखास उत्तर येतं, "पण मले तर चढतच नाही ना!" खरं सांगू? मला भीती या माणसाचीच वाटते.

एका रात्री असाच एक टेम्पोवाला आणला. पायाचं हाड मोडलेलं, पण बोलणं एकदम साफ. नाव, गाव, गाडीचा नंबर, संत्र्यांचे क्रेट किती होते, सगळं बरोबर. मी दंड पुसून रक्त काढलं. (अशा वेळी स्पिरिटचा बोळा लावायचा नसतो, त्यातही अल्कोहोलच असतं. लावला तर वकील नेमका तिथेच पकडतो.) बाटली सील केली, त्याचा अंगठा घेतला. लॅबचा रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. आकडा दोनशेच्या वर होता! तुम्हीआम्ही असतो तर नाव सोडा, मान सावरता आली नसती. त्याच्या मेंदूला मात्र सवय झाली होती.

रिपोर्टच्या आधी तिसरा दिवस उजाडला. संध्याकाळी वॉर्डातून फोन आला. गेलो तर अंगाला दरदरून घाम, नाडी एकशे तीस, हात लटलट कापताहेत आणि चादरीवरून तो एकेक मुंगी वेचून खाली टाकतोय. चादर कोरी होती. खाटेजवळचा शिपाई म्हणाला, "नाटक करून राहिला साहेब."

नाटक नव्हतं. अशा वेळी फिट येते, वेळेवर उपचार नाही झाला तर माणूस जातोही. लोराझेपाम (मेंदू शांत करणारं, फिट रोखणारं औषध) दिलं, ग्लुकोजच्या आधी थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिलं, रात्रभर नर्सबाईंना डोळ्यात तेल घालून बसवलं.

पहाटे त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, "साहेब, तीन दिवसांत एक थेंब पोटात नाही गेला जी. मग असं कसं झालं?"

थेंब गेला नाही म्हणूनच, सवय झालेल्या मेंदूची दारू एकदम तुटली म्हणून, हे तिला समजावताना मला दोनदा चहा मागवावा लागला.