कातळावरची सकाळ
आज पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीपाशी माझी टीआरएक्स-४, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी क्रॉलर गाडी, मनसोक्त चालवली. रिमोटची गाडी म्हटलं की लोकांना वेगच आठवतो, पण क्रॉलरची, म्हणजे दगडांवर चढणाऱ्या गाडीची, खरी मजा सावकाश जाण्यात आहे. पुढचं चाक काळ्या कातळाच्या कडेला टेकलं, मऊ टायर दबून दगडाला चिकटला, रिमोटवरून पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक केले (म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरतं) आणि गाडी इंच इंच करत वर चढली. काय सुख असतं ते!

नवीन मंडळी आधी ताकदवान मोटरच्या मागे लागतात. माझं स्पष्ट मत, आधी चांगले मऊ टायर घ्या, मग पुढच्या ॲक्सलवर पितळी वजनं लावा. वजन खाली आणि पुढे असलं की चढावर गाडी सहसा मागे उलटत नाही. छतावरचा जड कॅरिअर फोटोपुरताच बरा.

रविवारी कोण कोण येतंय?