सेप्सिसमधली कावीळ आणि अडकलेलं कॅशलेस : माझा अनुभव

आईला लघवीच्या जंतुसंसर्गातून सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयवच बिघडू लागले. आयसीयूत अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं, लागूही पडलं. उपचारांबद्दल तक्रार नाही. राग आहे तो विम्याच्या मंजुरीचा.

दाखल केल्यावर तिचे डोळे पिवळे झाले, बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) ४.८ वर गेलं. ती असंबद्ध बोलायला लागली, सलाइन उपटायची, मला ओळखेना. तेवढ्यात टीपीएची (विमा कंपनीतर्फे दावे तपासणाऱ्या संस्थेची) क्वेरी आली : ‘रुग्णाला दारूचं व्यसन? यकृताचा जुना आजार?’ दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेल्या बाईबद्दल हा प्रश्न! डेस्कवरचा मुलगा म्हणे, “मॅडम, डॉक्टरांचं लेटर आणा.” आणलं, तर ‘कावीळ व भ्रमाचं कारण स्पष्ट नाही’ म्हणून परत. तोवर डिपॉझिट भरा. आई आत बरळतेय आणि मी बाहेर ती पीत नाही हे सिद्ध करतेय. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

कावीळ आणि भ्रमाचं खरं कारण मला आयसीयूच्या डॉक्टरांनी बसवून समजावलं. सेप्सिसच्या दाहामुळे यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नाही. आधी ठणठणीत असलेल्या यकृतातही कावीळ होते. मेंदूत जंतू शिरले नसले तरी त्याच दाहाने भान जातं. अवयव किती बिघडलेत हे मोजणाऱ्या ‘सोफा’ स्कोअरमध्ये बिलिरुबिन आणि शुद्धीची पातळी या दोन्हींना गुण असतात. यकृत निकामी झालं की रक्तात अमोनिया साचतं, आईचं ते नॉर्मल होतं, त्यामुळे यकृत निकामी झाल्याने येणारा भ्रम असण्याची शक्यता कमी. सीटी स्कॅनही स्वच्छ. सोनोग्राफीत सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडणं) नाही, पित्ताच्या नळीत खडा नाही. हे सगळं त्यांनी नव्या लेटरमध्ये मुद्देसूद लिहिलं, मी मधुमेहाच्या तपासणीवेळचा जुना लिव्हर फंक्शन रिपोर्ट जोडला, आणि मंजुरी आली.

म्हणून घरातल्या मोठ्यांचे जुने रिपोर्ट मोबाइलमध्ये ठेवाच. लेटरमध्ये ‘सेप्सिसमुळे’ हा शब्द नेमका हवा. आयआरडीएआयच्या (विमा नियामक संस्थेच्या) २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत. त्यापुढचा वाढीव खर्च कंपनीवर. हे डेस्कवर ठामपणे सांगा. क्वेरी तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी मागा.

आणि हो, आयसीयूत चष्मा आणि कानाचं यंत्र द्यायला सांगा, भ्रमात त्याचा उपयोग होतो. घरी आल्यावरही आई बरेच दिवस नावं विसरायची. फॉलोअपला ते आवर्जून सांगा, नुसतं बिलिरुबिन दाखवून परत येऊ नका.